साखरपुड्याची साखर

नातीची चौथी झाली आणि घरात वाद सुरू झाला. गावातली शाळा चौथीपर्यंतच. पुढे शिकायचं तर रोज कर्जतला जायचं. सकाळी रस्त्यापर्यंत चालत, तिथून सहा सीटर रिक्षाने, संध्याकाळी तसंच परत. गावातली बाकीची पोरं जातात. त्यांच्याबद्दल कोणी वाद घालत नाही. पण बाकीच्या पोरांना दिवसातून चार वेळा सुई टोचून घ्यावी लागत नाही.

माझा मुलगा खोपोलीच्या एका कारखान्याचा टेंपो चालवतो. सून फार्महाऊसवर स्वयंपाकाला जाते. आमच्याकडे आता शेतं कमी आणि फार्महाऊस जास्त झालीत. त्यामुळे पोरीचं बघायला मीच. मी चौथी शिकले. मला कोणी शाळेतून काढलं नव्हतं. पुढे शाळाच नव्हती, म्हणून थांबले. त्याचं दुःख उगाळत बसायला मला कधी वेळ मिळाला नाही. पण औषधाच्या खोक्यावरचं मराठी मला वाचता येतं, रक्त तपासायच्या मशीनवरचे आकडे वाचता येतात. एवढा त्या चौथीचा उपयोग झाला.

मुलाचं म्हणणं, पाठवायची नाही. सुनेचं म्हणणं, पाठवायची. मी मुलाच्या बाजूची होते. पोरगी डोळ्यांसमोर असली तरी माझा जीव खालीवर होतो. अंगणात खेळत असली तर मी चुलीपुढून चारदा उठून बघणार. शेजारी गेली तर कुंपणाशी जाऊन हाक मारणार. तिने "काय गं आजी?" म्हटलं की "काय नाय" म्हणून परत फिरणार. अशी मी. ही पोरगी दिवसभर कर्जतला गेल्यावर मी काय करायचं? घरातली भांडी एकदा घासून झाल्यावर परत घासायची?

आजार साखरेचा. साखरेचा म्हटलं की माणसं माझ्याकडे बघतात, कारण हा म्हाताऱ्यांचा आजार असं सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं. मला काही नाही. मी चहात दोन चमचे साखर घालते. आजार त्या पोरीला, आणि तो म्हाताऱ्यांच्या आजारापेक्षा वेगळा. म्हाताऱ्यांना गोळी चालते. हिच्या अंगात इन्सुलिन तयार व्हायचंच बंद झालंय. ते बाहेरून घालायचं, सुईने, जन्मभर. एक दिवस चुकवून चालत नाही.

सुरुवातीला आम्हाला काहीच कळलं नव्हतं. आदल्या वर्षीचे होळीनंतरचे दिवस होते. पोरगी तांब्यावर तांबे पाणी प्यायची. उन्हाळा आहे, पिणारच. मग अंथरूण ओलं करायला लागली. एवढी मोठी घोडी झाली आणि अंथरूण ओलं करते म्हणून मी तिला बोलले. मग वाळत गेली. जवळच्या डॉक्टरने जंताचं औषध दिलं. एके दिवशी उलट्या सुरू झाल्या आणि धावून आल्यासारखी धापा टाकायला लागली. तोंडाला वास येत होता, पिकून उतरलेल्या फळासारखा. मुलाने टेंपोतून खोपोलीला नेली, खोपोलीवाल्यांनी हात लावला नाही, पुढे पाठवली. मोठ्या हॉस्पिटलात काचेच्या खोलीत होती. तिथून ती जिवंत आली ती सुया घेऊनच.

तिला बघणारी डॉक्टरीण खास लहान मुलांच्या साखरेची. महिन्यातून एकदा ती खोपोलीला येते, एका हॉलमध्ये बसते. आजूबाजूची सगळी अशी पोरं तिथे जमतात. कोणी मोहोपाड्याच्या कॉलनीतलं, कोणी कोंडाण्याच्या वरच्या वाडीतून चालत उतरलेलं. हा आजार आपल्या एकट्याच्याच घरात आलाय असं मला वाटत होतं. हॉल बघितल्यावर ते गेलं.

या डॉक्टरणीची एक रीत मला सुरुवातीला मुळीच आवडली नाही. ती पोराशी बोलते. आईबापाला मागच्या खुर्चीत बसवते. पहिल्यांदा गेलो तेव्हा तिने विचारलं, "काय जेवतेस सकाळी?" मी म्हटलं, "भाकरी." ती म्हणाली, "आजी, तुम्हाला नाही विचारलं." माझ्या वयाच्या बाईला असं कोणी बोललं नव्हतं. मला खुर्चीत बसवेना. उठून खिडकीशी उभी राहिले.

जेवणाच्या वेळी ती सगळ्यांना डबे उघडायला लावते. घरचं जेवण घरच्या डब्यात. पोरांनी आपापलं बोट टोचायचं, आकडा बघायचा, डब्यात काय आहे ते बघायचं आणि सुई किती घ्यायची ते स्वतः सांगायचं. ती फक्त मान हलवते नाहीतर म्हणते, "परत बघ. भात किती आहे?" माझी नात दोन महिन्यांत भाकरीकडे बघून सांगायला लागली. आणि पोट दाबून बघते ती डॉक्टरीण. रोज एकाच जागी टोचलं तर तिथे गाठ येते, औषध लागू पडत नाही. सुया टोचायचं काम आधी मी करायचे. एके दिवशी नात म्हणाली, "आजी, तुझा हात थरथरतो. दे इकडं." तेव्हापासून ती स्वतः घेते. मी तोंड फिरवते.

औषध थंड ठेवावं लागतं. आमच्याकडे फ्रिज आहे, पण वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही. डॉक्टरणीनेच सांगितलं: मोठ्या कुंडीत ओली वाळू, तिच्यात छोटं मडकं, मडक्यात डबी, वर ओलं फडकं. सावलीत ठेवायचं. एप्रिल-मेमध्ये त्या फडक्यावर पाणी शिंपडणं हा माझा दिवसभराचा उद्योग. ओलं असलं तरी शिंपडायचे. सून म्हणायची, "आई, वाळूत भात लावताय काय?"

ती डॉक्टरीण एक गोष्ट दर वेळी सांगायची. साखर चढते तशी उतरतेसुद्धा. सुई घेतली आणि जेवण वेळेवर झालं नाही, की उतरते. हातपाय कापतात, घाम सुटतो, पोर चिडतं नाहीतर बावचळतं. तेव्हा थांबायचं नाही. साखर द्यायची. तीन चमचे, पाण्यात नाहीतर तशीच. मग थोड्या वेळाने जेवण. आणि पोर बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, गाडी काढायची. म्हणून मी माझ्या चंचीत तंबाखूच्या शेजारच्या कप्प्यात खडीसाखर ठेवायला लागले. तिच्या सुया-मशीनच्या पिशवीतसुद्धा साखरेची पुडी असायची. ती पिशवी तिच्या गळ्यात कायम.

हे घरात आम्हाला माहीत होतं. गावाला मी दुसरंच सांगितलं होतं.

गावाची खोड अशी की पोर दारात आलं की त्याच्या हातावर काहीतरी ठेवायचंच. लाडू, चिक्की, काही नसलं तर गुळाचा खडा. आजारी पोर म्हटल्यावर तर जास्तच. "बिच्चारी" म्हणायचं आणि पेढा द्यायचा. हॉस्पिटलातून आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिचा आकडा एवढा चढला की मशीनवर आकडाच येईना, नुसतं 'लई वर' म्हणायला लागलं. मग मी पदर खोचला आणि घरोघर गेले. "माझ्या नातीच्या हातावर गोड ठेवलंत तर दारात येऊन शिव्या घालीन. देवाचा प्रसाद असला तरी नाय." माझ्या तोंडाला गाव घाबरतं. त्यानंतर कोणी दिलं नाही. सत्यनारायणाचा शिरासुद्धा तिला वगळून पुढच्याच्या हातावर जायचा. ती नुसती बघायची.

नातीची चौथी संपली त्या एप्रिलअखेरीला माझ्या धाकट्या जावेच्या नातीचा साखरपुडा ठरला. जाऊ आमच्याच आळीत, चार घरं सोडून. नवरामुलगा मोहोपाड्याचा, रसायनीच्या कंपनीत कामाला. जावेने आठवडाभर सगळ्यांना पळवलं. मांडव, खुर्च्या, कूलर, वरणभात-बटाट्याची भाजी-जिलेबी. माझी नात नवीन घागरा घालून तयार, गळ्यात ती पिशवी.

नवऱ्याकडची माणसं वेळेवर आली. साडी, ओटी आणि पुडा घेऊन आली. पुडा मोठा देखणा होता. लाल चकचकीत कागदाचा लांब सुळका, जर लावलेली, वर मोत्यांचा झुपका. मुलाच्या आत्याने स्वतः बनवला होता आणि ती तो सगळ्यांना दाखवत होती. चौरंगावर तबकात उभा करून ठेवला. आता मुलीला पाटावर बसवायचं, मुलाच्या आईने पुडा हातात द्यायचा, तोंड गोड करायचं, झालं.

पण मामा आला नव्हता. मुलाचा मामा पालीकडून येत होता, आणि मामाशिवाय पुडा द्यायचा नाही असं त्यांच्यात. माणसं ताटकळली. ऊन चढलं. पोरं भुकेने कुरकुर करायला लागली, तेव्हा जाऊ म्हणाली, "पोरांची पंगत आधी बसवा गं." आमच्याकडे तसंच करतात. पोरं बसली, पत्रावळी मांडल्या, मीठ-लोणचं वाढलं. नातीने बोट टोचलं, आकडा बघितला, वाढप्याच्या हातातल्या भाताच्या भांड्याकडे बघितलं आणि सुई घेतली. सगळं नीट केलं. मी बघत होते.

तेवढ्यात मुलाची आत्या आली. "अगं बाई, पुडा व्हायच्या आधीच पंगत? आमच्यात शुभकार्य झाल्याबिगर पानावर कोण बसत नाय." जावेचा चेहरा पडला. पाहुण्यांपुढे काय बोलणार? तिने हात केला आणि मांडलेल्या पत्रावळी उचलल्या. पोरं ओरडली. "दहा मिनिटं रं, दहा मिनिटं," म्हणून त्यांना हाकललं.

मी जावेला म्हटलं, "माझ्या नातीला आत बसवून वाढ. तिनं सुई घेतलीय."

"देते गं बाय, देते. पयला मामाचं बघ. तो फाट्यावर चुकलाय, फोन लागत नाय. कोणतरी रस्त्यावर जाऊन उभं राहा."

कोणतरी म्हणजे मी. माझं बूड एका जागी टेकत नाही हे सगळ्यांना ठाऊक, आणि खरं सांगायचं तर मला त्या मांडवात बसवतही नव्हतं. मी निघाले. नातीला वाढतील असं धरून चालले. जाऊ म्हणाली होती ना. रस्ता जवळ नाही, उन्हात चालत गेले. मामाची गाडी पुढे जाऊन परत आली, मी पदर हलवून थांबवली. मामा जाडा, घामाघूम, आणि एकसारखा "सॉरी मावशी" म्हणत होता. त्याच्या गाडीत बसून परत आले. खडीसाखरेची चंची माझ्या कमरेला.

मांडवापाशी उतरले तर आरडाओरडा. मला वाटलं, दोन्हीकडची भांडली. आत गेले. चौरंगाशेजारी माझी नात मांडी घालून जमिनीवर बसलेली. लाल कागद फाडलेला, मोत्यांचा झुपका एकीकडे, साखर तबकातून खाली सांडलेली, आणि ती मुठीने साखर तोंडात कोंबत होती. घागरा साखरेने भरलेला. तोंड पांढरं, कपाळावरून घाम. हात असे थरथरत होते की निम्मी साखर बाहेर पडत होती. आत्या तिच्या अंगावर ओरडत होती, "अगं कारटे, पुडा फोडला! दिला नाय तवर फोडला!" आणि ती मान वर न करता खात होती.

मी तिच्यापाशी बसले. तिने मला बघितलं आणि तोंडात साखर घेऊनच म्हणाली, "कोणी देईना गं."

मग मला सगळ्यांनी एकदम सांगायला सुरुवात केली. तुकडे जोडले तेव्हा कळलं ते असं. मी गेल्यावर नवरीच्या आईने फोटोसाठी सगळ्या पोरींना उभं केलं. गळ्यातली पिशवी फोटोत बरी दिसत नाही म्हणून तिने ती काढून आतल्या खोलीत ठेवली. त्या खोलीत दागिने, म्हणून कुलूप. वाढायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. पोरीचे हात कापायला लागले तेव्हा ती जावेकडे गेली. "आजी, मला जिलेबी दे. माझी साखर उतरलीय." जाऊ म्हणाली, "वेडी काय गं? तुला साखर हाय ना? जिलेबी खाल्लीस तर मरशील. पाणी पी." ती आचाऱ्याकडे गेली. आचारी गावातलाच. त्यानेसुद्धा हात झटकले. "तुझी म्हातारी मला फाडून खाईल." तिने कोणाचा तरी सरबताचा पेला उचलला, तर एका बाईने तो हातातून काढून घेतला आणि वर शाबासकी मिळेल म्हणून सगळ्यांना सांगितलं, "बगा, वेळेवर बघितलं म्हणून!"

मग ती चौरंगाकडे गेली. तिथे कोणी हात धरायला नव्हतं. पुडा असा सांभाळलेला की त्याच्या जवळ कोणी जाईल असं कोणाच्या मनातच नव्हतं.

जाऊ माझ्यापुढे उभी राहिली. रडत होती आणि चिडलेली होती. "तूच सांगितलंस ना बाय! गोड दिलंस तर शिव्या घालीन म्हणालीस. आता माझ्या नातीचा पुडा फोडला तुझ्या नातीनं. आता मी काय करू?"

"पयलं हिला भात वाढ," मी म्हटलं. "मग रड."

तिने वाढला. स्वतः वाढला. नात तिथेच चौरंगाशी बसून भात-वरण खायला लागली. हळूहळू तिच्या तोंडाला रंग आला. आत्या कोपऱ्यात जाऊन आपल्या माणसांशी कुजबुजायला लागली. अपशकुन हा शब्द मी ऐकला. पुडा हातात जायच्या आधी फुटला, आता हे जमणार नाही, पुन्हा तिथी काढावी लागेल, असं काहीसं.

मी उठले आणि तिच्याजवळ गेले. "बाई, तुमच्या पुड्यात साखर होती म्हणून आज ही पोरगी बसून भात खातेय. नुसती शोभेची पुडी असती तर आता तुमची तिथी नाय, तिरडी बघायला लागली असती, ती पण शुभकार्याच्या मांडवात. कुठला शकुन चांगला ते तुमीच सांगा."

माझा आवाज काही लहान नाही. सगळ्या मांडवाने ऐकलं. आत्या काही बोलायच्या आत तो जाडा मामा पुढे आला. त्याला आपल्या उशिराची लाज वाटत होती, आणि भूकही लागली असणार. "अहो ताई, साखर ती साखर. आपण नवा बांधू. कागद आणा कोणीतरी." जावेने घरातून साखर आणली. फाटलेला लाल कागद नवरीने स्वतः नीट केला, आपल्या अंबाड्यातल्या पिना काढून टोचल्या. पुडा वाकडा झाला, खरं सांगते, टेकवला तर उभा राहीना. मुलाच्या आईने तो तसाच नवरीच्या हातात दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि जेवायला पळाले. लग्न झालं ते मेच्या शेवटी. आता दोघं मोहोपाड्याला राहतात. भांडतात, पण तेवढं सगळेच भांडतात.

घरी आल्यावर नात अंगणात पायरीवर बसून राहिली. घागरा बदलला नाही. तिला वाटत होतं, चूक तिची. बाप संध्याकाळी टेंपो लावून आला. त्याला रस्त्यातच सगळं कळलं होतं.

"झालं? आता बगितलंस ना आये?" तो मला म्हणाला. सुनेकडे बघत होता, पण बोलत माझ्याशी होता. "आन् ही बाई म्हणते कर्जतला पाठवा. तिथं कोण हाय तिच्या ओळखीचं? तिथं असं झालं तर कोण बघणार?"

मी तांदूळ निवडत होते. खडे नव्हतेच त्यात, तरी निवडत होते.

"इथं कोण होतं रं?" मी म्हटलं. "अख्खी भावकी होती. सगळी ओळखीची."

सुनेने त्याच्यापुढे चहा ठेवला तो जरा आपटूनच.

असं बोलले म्हणून माझा जीव थाऱ्यावर आला असं नाही. उलट बिघडला. आधी मला एवढंच वाटायचं की कर्जतला धोका, घरी नाही. आता घरीही नाही हे कळलं. मग तिला ठेवायची कुठे? रात्री झोप लागत नव्हती, दिवसा काम सुचत नव्हतं. मडक्यावरच्या फडक्यावर एवढं पाणी शिंपडलं की कुंडीतली वाळू वाहायला लागली.

पुढच्या वेळी हॉलमध्ये गेलो तेव्हा नातीने डॉक्टरणीला सगळं स्वतः सांगितलं. पुडा फोडल्याचं सांगताना तिचा आवाज बारीक झाला. डॉक्टरणीने विचारलं, "आधी कोणाकडे मागितलंस?"

"दोघांकडं. तिसरीनं हातातला पेला काढून घेतला."

"नाही म्हणाले तेव्हा रडलीस?"

"नाय. रडायला वेळ नव्हता."

"किती साखर खाल्लीस?"

"दोन मुठी. नाय, तीन."

"एक पुरली असती. नंतर आकडा किती चढला?"

नातीने सांगितलं. डॉक्टरीण म्हणाली, "बघ. पण केलंस ते बरोबर केलंस." मग मागे वळली. माझ्या खुर्चीकडे. त्या दिवशी मी खुर्चीतच होते. "आजी, गावात काय सांगितलं होतं तुम्ही?"

मी जे सांगितलं होतं ते सांगितलं. शिव्यांसकट.

"अर्धंच सांगितलंत."

"मग पुरं सांगायला तुमी या. तुमचं ऐकतील. शिकलेल्या हायत."

"मी महिन्याला एकदा येते. तिथे रोज तुम्ही आहात. आणि तुमचं ऐकतात हे आत्ताच कळलं की. जिलेबी असून दिली नाही कोणी." ती हसली नाही. मला हसू आलं, पण मी तिला दाखवलं नाही. मग तिने शाळेचं विचारलं. नात म्हणाली, "मला जायचंय." माझ्याकडे न बघता म्हणाली. डॉक्टरीण म्हणाली, वर्गशिक्षकांशी मी फोनवर बोलेन, डबा कधी, सुई कधी, साखर कुठे ठेवायची सगळं सांगेन. बाकीचं ही सांगेल. मी म्हटलं, तिचा बाप नाही म्हणतो. "आणि तुम्ही?" मी म्हटलं, मला विचार करायचाय. विचार बिचार काही नव्हता. भीती होती.

गावात आले आणि परत पदर खोचला. परत घरोघर. "ऐका. माझी नात साखर मागायला आली तर कारण विचारायचं नाय. द्यायची. तीन चमचे. तिच्या आईला नाय, मला नाय, कोणाला विचारायचं नाय."

पहिल्याच घरात म्हातारा म्हणाला, "आधी नको म्हणालीस. आता दे म्हणतेस. नक्की काय गं?"

"न मागता द्यायचं नाय. मागितलं तर थांबायचं नाय."

"आन् पोरगी लबाड असली तर? लाडवासाठी मागितलं तर?"

"मग मी हाय ना तिला बघायला."

आचारी म्हणाला, हे लिहून दे. मी म्हटलं, तुला वाचता येतं काय रं? सगळ्यांना उभं करून मी त्यांच्याकडून वदवून घेतलं: घाम, कापरं, बावचळणं, साखर, मग भात, बेशुद्ध पडली तर तोंडात काही नाही, गाडी. जावेच्या घरी सगळ्यात शेवटी गेले. मी काही बोलायच्या आधीच तिने फळीवरून एक डबा काढून दाखवला. आत साखर. त्या दिवशी जमिनीवर सांडलेली होती ना, ती तिने गोळा करून निवडून ठेवली होती. "हिच्याच नावाची," म्हणाली. मग लगेच म्हणाली, "शिव्या आता कशाला घालणार गं तू? न दिल्याबद्दल?" आम्ही दोघी तिच्या ओट्यावर बसलो आणि तंबाखू खाल्ला. पण मी फार वेळ बसले नाही.

मुलगा शेवटपर्यंत हो म्हणाला नाही. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्याने तिच्या पिशवीचा तुटका बंद शिवून आणला, चांगला जाड, टेंपोच्या ताडपत्रीला लावतात त्या दोऱ्याने. म्हणजे हो.

पहिल्या दिवशी ती बाकीच्या पोरांबरोबर गेली. मी कुंपणापर्यंत गेले, मग वळणापर्यंत, मग रस्त्यापर्यंत. सहा सीटर गेली. मी परत आले. भांडी घासली. मडक्यावर पाणी शिंपडलं. औषध तर ती घेऊन गेली होती, मडक्यात एक जादाची बाटली तेवढी. मग चंची कमरेला लावली आणि पुढच्या गाडीने कर्जतला गेले.

शाळेच्या फाटकासमोर एका दुकानाच्या पायरीवर बसले. पाऊस अजून यायचा होता, उकाडा असा की पदर अंगाला चिकटत होता. दुकानदाराने दोनदा विचारलं, मावशी, कोणाला बघताय? मी म्हटलं, कोणाला नाही. उठले, फाटकापर्यंत गेले, परत आले. शिपाई बघायला लागला म्हणून परत बसले.

जेवणाची सुट्टी झाली. पोरी व्हरांड्यात डबे घेऊन बसल्या. लांबून सगळ्या सारख्याच दिसत होत्या, एकच गणवेश. मग एकीने बोट तोंडाशी नेलं, टोचलेलं बोट चोखतात तसं. ती माझी. तिच्या दोन्ही बाजूंच्या पोरी वाकून बघत होत्या. ती त्यांना काहीतरी दाखवत होती. बहुतेक मशीन. मग डब्यात बघितलं, झगा जरा वर केला, सुई घेतली. एक पोरगी किंचाळली आणि सगळ्या हसल्या. मग जेवल्या. मी तिच्या घासांकडे बघत राहिले. भाकरी पुरी संपली तेव्हा मी पाय सरळ केले.

तिने मला कधी बघितलं माहीत नाही. डबा धुऊन सरळ फाटकाशी आली. तोंड रागाने लाल.

"आजी, तू कशाला आलीस गं?"

"बाजारात आले होते."

"पिशवी कुठाय मग?"

मी चंची सोडली आणि फाटकाच्या गजांतून खडीसाखर पुढे केली.

"माझ्याकडं हाय," ती म्हणाली. गळ्यातल्या पिशवीवर हात ठेवला. मग माझ्याकडे नीट बघितलं, हॉलमध्ये डॉक्टरीण पोरांकडे बघते तसं. "तू सकाळपासून काय खाल्लंस?"

"चहा."

"घाम बघ केवढा आलाय. तूच खा ती. आन् घरी जा. मी येते संध्याकाळी."

घंटा झाली आणि ती पळाली. वळून बघितलं नाही. मी तिथेच उभी राहून खडीसाखर खाल्ली. तिला तंबाखूचा वास लागला होता. मग गाडी बघायला स्टँडवर गेले. गाडी भरायला वेळ होता, पण मी खाली उभी राहिले नाही, आत जाऊन बसले.